सेवेच्या खात्यातील जोखीम

बँकेच्या नोकरीत छत्तीस वर्षे काढलेल्या माणसाला एक सवय जडते. समोर कोणताही प्रस्ताव आला, की त्यातून काय मिळेल याच्याआधी त्यात काय जाऊ शकेल, हा प्रश्न त्याच्या मनात उभा राहतो. घरची मंडळी या सवयीला संशयी स्वभाव म्हणतात. आम्ही तिला जोखमीचे मूल्यमापन म्हणतो. आपल्या व्यापारी घरांना ही सवय मुळीच परकी नाही. उधारीवर माल देण्यापूर्वी आपण गिऱ्हाइकाची पत पाहतो, मागील बाकी पाहतो, हंगाम कसा आहे ते पाहतो. गोदामाचा आगीचा विमा चुकवत नाही. पेढीवरच्या नव्या माणसाच्या हाती पहिल्याच दिवशी गल्ल्याची किल्ली देत नाही.

मात्र हीच मंडळी सामाजिक कार्यात उतरली, की ही सवय दुकानातच ठेवून येतात, असा माझा अनुभव आहे. चांगल्या कामात वाईट ते काय होणार, अशी एक भाबडी श्रद्धा त्यामागे असते. परंतु हेतू शुद्ध असला म्हणून गाडीचा ब्रेक शाबूत राहतो असे नाही, आणि नदीच्या पाण्याला बुडणाऱ्याचे पुण्य मोजता येत नाही. म्हणूनच महाविद्यालयीन मुलामुलींच्या सेवाकार्यातील जोखीम आणि उत्तरदायित्व हा काहीसा रुक्ष वाटणारा विषय आज मुद्दाम निवडला आहे. आपल्यापैकी कोणी या मुलांचे पालक आहेत, कोणी शिबिरांचे देणगीदार आहेत, तर कोणी शिक्षणसंस्थांच्या नियामक मंडळांवर बसतात. तिन्ही नात्यांनी हा विषय आपल्या उंबरठ्यापर्यंत येतो.

सेवेची शाळा

आपल्याकडे विद्यार्थ्यांच्या सेवाकार्याचा सर्वांत मोठा प्रवाह म्हणजे राष्ट्रीय सेवा योजना. महात्मा गांधींच्या जन्मशताब्दी वर्षात, २४ सप्टेंबर १९६९ रोजी, ३७ विद्यापीठांतील सुमारे ४०,००० विद्यार्थ्यांना घेऊन ती सुरू झाली. स्वयंसेवकाने वर्षाला १२० तास, म्हणजे दोन वर्षांत २४० तास काम करावयाचे आणि दत्तक गावी सात दिवसांच्या विशेष शिबिरात राहावयाचे, अशी तिची रचना आहे. वृक्षारोपण, वनराई बंधारे, ग्रामस्वच्छता, रक्तदान, गणेशविसर्जनाच्या वेळी निर्माल्य गोळा करणे, वारीच्या वाटेवर पाणी देणे अशी कितीतरी कामे ही मुले करतात. ऑगस्ट २०१९ मध्ये कोल्हापूर आणि सांगली जिल्ह्यांत महापूर आला, तेव्हा पाणी ओसरल्यावर घराघरांतला चिखल उपसणाऱ्यांत महाविद्यालयीन मुलांचे हात मोठ्या संख्येने होते, हे त्या भागातील आपल्या बांधवांनी पाहिलेले आहे.

ज्या मुलाने घरी कधी पाण्याचा पेला उचलून ठेवला नाही, तो सात दिवसांत भाकरी वाढायला, झाडू धरायला आणि दुसऱ्याच्या अडचणीत स्वतःहून उभे राहायला शिकतो. हे शिक्षण वर्गात मिळत नाही. म्हणून प्रारंभीच सांगतो, की पुढे मी जे लिहिणार आहे ते मुलांना घरी बसवण्यासाठी नाही.

या रचनेत एक नाजूक जागा आहे. साधारणतः शंभर स्वयंसेवकांच्या एका एककावर एक कार्यक्रम अधिकारी नेमलेला असतो. तो पूर्णवेळ शिकवणारा प्राध्यापक असतो आणि हे काम त्याच्याकडे जादा कार्यभार म्हणून असते. शिबिरात स्वयंपाक, पाणी, वाहन, गावाशी बोलणे, पाहुण्यांचे हारतुरे, जमाखर्च आणि पन्नास तरुण मुलांचे जीव, हे सारे त्याच एका माणसाच्या शिरावर असते. बँकेत आम्ही तिजोरीचीसुद्धा किल्ली एका माणसाच्या हाती देत नसू. दोन किल्ल्या, दोन माणसे, आणि दोघे हजर असल्याखेरीज दार उघडणार नाही, हा नियम. रोकड सांभाळण्यासाठी जी दक्षता आपण घेतो, ती पन्नास मुले सांभाळताना का घेत नाही, हा प्रश्न मला निवृत्तीनंतर फार जवळून पाहावा लागला.

एका शिबिराचा हिशेब

आमच्या गावच्या महाविद्यालयाच्या वित्त समितीवर मला निवृत्तीनंतर घेण्यात आले. त्याच्या दुसऱ्या हिवाळ्यात एका शिबिरात अपघात झाला आणि नंतरचे कागद पाहण्यासाठी माझ्याकडे आले.

प्रकार असा घडला. शिबिराच्या गावापासून ओढ्याचे ठिकाण चार किलोमीटरवर होते. ओढ्यावर सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत माती भरून बंधारा घालायचा होता. मुलांची ने-आण करण्यासाठी एका भुसार व्यापाऱ्याने आपला मालवाहू टेम्पो चालकासह दिला; डिझेलचेही पैसे घेतले नाहीत. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी परतताना मुले मागे उभी राहून गाणी म्हणत होती. एका वळणावर मागचा फाळका निसटला आणि दोघे रस्त्यावर फेकले गेले. मुलाला खरचटण्यावर निभावले. बी. कॉम.च्या द्वितीय वर्षातल्या मुलीचे मांडीचे हाड मोडले.

त्यानंतरचे दोन तास कागदांतून वाचतानाही अस्वस्थ करणारे आहेत. प्रथमोपचाराच्या पेटीत कापूस आणि मुदत संपलेले मलम होते. प्राथमिक आरोग्य केंद्र किती लांब आहे याची कोणाला नेमकी कल्पना नव्हती. प्रवेशअर्जावरचा वडिलांचा दूरध्वनी क्रमांक बंद झालेला होता. अखेर एका मैत्रिणीने आपल्या आईला कळवले, तिने शेजारणीला, आणि रात्री नऊ वाजता वडिलांना कळले. सायकल दुरुस्तीचे छोटे दुकान चालवणारा तो गृहस्थ. शस्त्रक्रिया, पट्टी, तपासण्या आणि नंतरचे व्यायामोपचार मिळून खर्च पावणेदोन लाखांच्या घरात गेला. मुलीचे एक सत्र बुडाले ते वेगळेच.

मग जो तो आपापला कागद काढू लागला. महाविद्यालयाने पालकांनी सही केलेले हमीपत्र दाखवले. त्यात ‘अपघात झाल्यास महाविद्यालय जबाबदार राहणार नाही’ असे छापलेले होते. टेम्पोमालकाने विम्याची पावती दाखवली. विमा कंपनीने कळवले, की वाहन मालवाहू आहे, त्यात बसवलेल्या माणसांची जोखीम आम्ही घेतलेली नाही. कार्यक्रम अधिकारी तासिका तत्त्वावर नेमलेला तरुण होता. त्याच्याकडे दाखवायला कागदच नव्हता. तो फक्त मान खाली घालून बसला होता.

बैठकीत मुलीचे वडील जे बोलले ते माझ्या टिपणवहीत आहे. ते म्हणाले, “पैशाचं नंतर बघू, साहेब. माझ्या पोरीला माल वाहायच्या गाडीत कुणी बसवलं आणि तेव्हा तिथं कोण मोठं माणूस होतं, एवढंच मला सांगा.” या प्रश्नाचे उत्तर त्या खोलीतील एकाही माणसापाशी नव्हते. कारण ते कोणी ठरवलेलेच नव्हते. ते आपोआप घडले होते.

शेवटी निम्म्याहून अधिक रक्कम टेम्पोमालकाने भरली. उरलेली संस्थेने विद्यार्थी कल्याण निधीतून दिली. मदतीसाठी पुढे आलेल्या सज्जन माणसालाच सर्वांत मोठा भुर्दंड पडला, ही गोष्ट आपल्या व्यापारी वाचकांनी विशेष लक्षात ठेवावी.

कायदा काय पाहतो

या निमित्ताने मी कायद्याची बाजू वाचून काढली. मी वकील नाही. प्रत्यक्ष प्रसंगी सल्ला वकिलाचाच घ्यावा. परंतु काही गोष्टी सामान्य माणसाला समजण्यासारख्या आहेत.

पहिली गोष्ट म्हणजे ते छापील हमीपत्र. आपल्याकडे अशा कागदाला ढाल मानण्याची प्रथा आहे, पण ती पुठ्ठ्याची ढाल आहे. आपल्या निष्काळजीपणाचे उत्तरदायित्व आधीच सही घेऊन झटकून टाकता येत नाही. न्यायालय कागदावरची ओळ पाहत नाही, घेतलेली काळजी पाहते. त्यातही अकरावी-बारावीची मुले अठरा वर्षांखालची असतात. भारतीय करार कायदा, १८७२ च्या ११ व्या कलमानुसार अज्ञान व्यक्ती करारास पात्र नाही, आणि अशा व्यक्तीने केलेला करार मुळातच निरर्थक ठरतो, हे प्रिव्ही कौन्सिलने मोहोरी बीबी खटल्यात १९०३ सालीच स्पष्ट केले आहे. बँकेत अज्ञान मुलाच्या सहीवर आम्ही कर्ज दिले नसते. येथे मात्र त्याच्या सहीवर त्याचा जीव टांगला जातो.

दुसरी गोष्ट म्हणजे शिक्षकाच्या चुकीचा भार संस्थेवरही येतो. मे १९९५ मध्ये पंजाबातील एका शाळेची सहल बियास नदीकाठी गेली असता १४ मुले बुडून मरण पावली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. २००१ च्या निकालात न्यायालयाने प्रत्येक मुलामागे पाच लाख रुपयांची भरपाई कायम केली आणि शाळेच्या व्यवस्थापनाचे उत्तरदायित्व मान्य केले. त्याच बियास नदीवर ८ जून २०१४ रोजी हिमाचल प्रदेशात लारजी धरणातून सोडलेल्या पाण्यात हैदराबादच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयाचे २४ विद्यार्थी वाहून गेले. पाणी सोडले ते वीज मंडळाने. तरीही उच्च न्यायालयाने भरपाईचा बोजा वाटून देताना काही हिस्सा महाविद्यालयावरही ठेवला. चूक दुसऱ्याची असली तरी मुलांना तेथे नेणाऱ्याला आपला वाटा उचलावाच लागतो, एवढे यावरून समजावे.

तिसरी गोष्ट शिक्षेची आहे. निष्काळजीपणामुळे मृत्यू घडल्यास जुन्या दंडसंहितेत कमाल दोन वर्षांची कैद होती. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या १०६ व्या कलमात ती पाच वर्षांपर्यंत वाढली आहे.

चौथी गोष्ट नव्या काळाची आहे. नव्या शैक्षणिक धोरणानुसार समाजसहभागाला आता श्रेयांक मिळतात. म्हणजे मूल स्वखुशीने गेले होते, असे म्हणण्याची सोयही कमी होत चालली आहे. ज्या कामाला गुण आहेत ते काम संस्थेनेच सांगितलेले असते, आणि सांगणाऱ्याची जबाबदारी त्या प्रमाणात वाढते.

चार वाटा

अपघातानंतरच्या नियामक मंडळाच्या बैठकीत बहुतेकांचा सूर एकच होता, की शिबिरेच बंद करावीत, नसती आफत कशाला? मी तेव्हा एवढेच म्हणालो, की एक कर्ज बुडाले म्हणून बँक कर्जवाटप बंद करीत नाही. तसे केले तर ती बँक राहणार नाही. ती पुढचे कर्ज अधिक नीट तपासून देते.

जोखमीशी वागण्याच्या चार वाटा आम्हाला शिकवल्या जातात. काही जोखीम टाळायची, काही कमी करायची, काही विम्याच्या रूपाने दुसऱ्यावर सोपवायची आणि उरलेली समजून उमजून स्वतः पेलायची. कोणती जोखीम कोणत्या वाटेने न्यायची हे ठरवण्यासाठी दोन प्रश्न पुरेसे आहेत. ही घटना घडण्याचा संभव किती, आणि घडली तर नुकसान केवढे? उन्हात चक्कर येण्याचा संभव मोठा, पण नुकसान लहान. ते पाणी, टोपी आणि सावलीने आवरता येते. पाण्यात बुडण्याचा संभव लहान, पण नुकसान कधीही भरून न येणारे. ती जोखीम टाळायचीच.

या सूत्रावर आम्ही तीन पानांची एक नियमावली केली. तिच्यातील मुख्य गोष्टी येथे देतो, कारण त्या कोणत्याही महाविद्यालयाला, वसतिगृहाला किंवा तरुण मंडळाला उपयोगी पडाव्यात.

वाहन. मालवाहू वाहनात विद्यार्थी बसणार नाहीत, अंतर कितीही असो. सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये आशा राणी खटल्यात स्पष्ट केले आहे, की मालवाहू वाहनातून नेलेल्या फुकटच्या प्रवाशांची भरपाई देण्यास विमा कंपनी बांधील नाही. कायद्याने संरक्षण आहे ते मालाच्या मालकाला किंवा त्याच्या अधिकृत प्रतिनिधीला. शंभर मुले हा काही माल नव्हे! खासगी मोटारीचा केवळ त्रयस्थ पक्षाचा विमा असेल, तर तिच्यात बसलेल्यांनाही संरक्षण मिळेलच असे नाही. त्यामुळे आम्ही प्रासंगिक करारावर एस. टी. घेतो किंवा प्रवासी परवान्याचे वाहन ठरवतो, आणि परवाना, विमा व चालकाचा परवाना या तिन्हींची प्रत निघण्यापूर्वी धारिकेत लावतो. ज्यांना मदतच करायची आहे त्या व्यापारी बांधवांना माझे सांगणे असते, की टेम्पो देऊ नका, एस. टी.चे भाडे द्या. पुण्य तेवढेच आहे आणि झोप शांत लागते. टेम्पो द्यायचाच असेल तर त्यात फावडी, घमेली आणि शिधा जाऊ द्या.

पाणी. विसर्जनाच्या दिवशी विद्यार्थी निर्माल्य काठावरच स्वीकारतील, पाण्यात कोणी उतरणार नाही. पाण्यातील काम नगरपालिकेच्या जीवरक्षकांचे. शिबिरात ओढा, विहीर, धरण येथे पोहण्यास पूर्ण मनाई. १ फेब्रुवारी २०१६ रोजी मुरूडच्या समुद्रात पुण्याहून सहलीला गेलेले महाविद्यालयीन विद्यार्थी बुडाले, ते दुःख महाराष्ट्र विसरलेला नाही. महापुराच्या वेळी तर उत्साहाला विशेष लगाम हवा. ८ ऑगस्ट २०१९ रोजी पलूस तालुक्यातील ब्रह्मनाळ येथे बचावाच्या वेळीच नाव उलटून अनेक जीव गेले. पुरात नावेतून जाणे हे प्रशिक्षित दलाचे काम आहे. विद्यार्थ्यांचे काम पाणी ओसरल्यावर सुरू होते. तेव्हाही गमबूट आणि हातमोजे हवेतच, कारण उंदरांच्या मूत्रामुळे दूषित झालेल्या चिखलातून लेप्टोस्पायरोसिस होतो आणि पायाला जखम असेल तर तो सहज शिरतो. धनुर्वाताची लस घेतली आहे का, हे आधी विचारावे.

रक्तदान. हे शिबिर परवानाधारक रक्तपेढीच्याच हाती असावे. दात्याचे वय १८ ते ६५, वजन किमान ४५ किलो, हिमोग्लोबिन किमान १२.५, आणि दोन रक्तदानांत पुरुषांसाठी ९० तर स्त्रियांसाठी १२० दिवसांचे अंतर असावे, असे नियम आहेत. बाटल्यांचा आकडा वाढावा म्हणून सतरा वर्षांच्या मुलाला रांगेत उभे करणे ही सेवा नव्हे. ज्या मुलाचा उपवास आहे त्याने त्या दिवशी नोंदणीच्या टेबलावर बसावे. तेही कामच आहे.

पैसा. हा माझा स्वतःचा विषय. मदतफेरीत मुलांच्या हाती रोख रक्कम येते. पावतीपुस्तकाला अनुक्रमांक हवेत आणि कोणते पुस्तक कोणाकडे दिले याची नोंद हवी. पेटी दोघांनी मिळून उघडावी, दोघांनी मोजावी, दोघांनी सही करावी आणि दुसऱ्या दिवशी बँकेत भरणा करावा. कोणाही विद्यार्थ्याच्या किंवा शिक्षकाच्या वैयक्तिक खात्याचा क्यूआर कोड लावू नये. यात मुलांवर अविश्वास नाही. उलट, उद्या कोणी बोट दाखवले तर त्या मुलाच्या बाजूने बोलणारा कागद आपण आजच तयार करून ठेवतो. देणगीदारांनीही लक्षात घ्यावे, की कलम ८०-जी खालील सवलत २,००० रुपयांहून अधिक रोख देणगीला मिळत नाही.

मुली आणि बालके. मुली शिबिरात असतील तर महिला प्राध्यापक मुक्कामी हवीच. दिवसा येऊन संध्याकाळी परतणारी नव्हे. लैंगिक छळ प्रतिबंधाबाबत विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१५ मध्ये केलेले विनियम महाविद्यालयाच्या भिंतीपुरते नाहीत. शिबिरे, सहली आणि प्रवासही त्यांत येतात. अंतर्गत समितीच्या सदस्याचा क्रमांक प्रत्येक मुलीकडे असावा. वस्तीतील लहान मुलांना शिकवताना स्वयंसेवक एकटा नसावा, दोघे असावेत आणि दार उघडे असावे. एखाद्या बालकाने काही गैरप्रकार सांगितला तर तो दडवणे हा २०१२ च्या पॉक्सो कायद्याने गुन्हा आहे, हे मुलांना कामावर पाठवण्यापूर्वीच सांगावे.

विमा आणि तरतूद

विम्याबद्दल फार गैरसमज आहेत. प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना उत्तम आहे. १८ ते ७० वयाच्या बचत खातेदाराला वर्षाला अवघ्या २० रुपयांत अपघाती मृत्यूसाठी दोन लाखांचे संरक्षण मिळते. नोकरीत असताना मी शेकडो खातेदारांचे अर्ज भरून घेतले. परंतु ती मृत्यू आणि कायमच्या अपंगत्वासाठी आहे; मोडलेल्या हाडाच्या रुग्णालयीन खर्चाला तिचा उपयोग नाही, आणि अठरा वर्षांखालच्या विद्यार्थ्याला ती लागूही नाही. म्हणून शिबिरापूर्वी सामूहिक अपघात विमा घ्यावा आणि त्यात वैद्यकीय खर्चाचे कलम आहे ना, हे पॉलिसी वाचून पाहावे. माहितीपत्रक वाचून नव्हे. यादीत नाव नसलेला विद्यार्थी गाडीत बसणार नाही, एवढा कडक नियम हवा, कारण ऐनवेळी आलेला पाहुणा स्वयंसेवकच नेमका विम्याबाहेर राहतो.

विम्याचा दावा मंजूर व्हायला वेळ लागतो, रुग्णालय मात्र अनामत रक्कम रात्रीच मागते. बँका बुडीत कर्जासाठी आधीच तरतूद करतात, तद्वत् संस्थेनेही शिबिरासाठी एक छोटा आकस्मिक निधी ठेवावा आणि तो वापरण्याचा अधिकार जागेवरच्या अधिकाऱ्याला द्यावा. रात्री अकरा वाजता सचिवांची सही शोधत हिंडावे लागू नये.

आमच्या जुन्या हमीपत्राच्या जागी आता दोन पानांचे माहिती व संमतीपत्र आहे. शिबिर कोठे, काम कोणते, वाहन कोणते, मुक्काम कोठे, प्रमुख कोण आणि त्यांचे दोन दूरध्वनी क्रमांक, हे सारे आम्ही पालकांना लिहून देतो. पालक आम्हाला लिहून देतात ते मुलाचे आजार, चालू औषधे, वावडे, रक्तगट आणि चालू असलेले दोन क्रमांक. निघण्याच्या आदल्या दिवशी ते क्रमांक लावून पाहिले जातात. जवळचे प्राथमिक आरोग्य केंद्र, सर्पदंशावरील लस उपलब्ध असलेले रुग्णालय आणि १०८ ही रुग्णवाहिका, यांची माहिती स्वयंपाकघराच्या भिंतीवर लावलेली असते. पूर्वीचा कागद पालकांकडून काहीतरी काढून घेत होता; नवा कागद त्यांना काहीतरी देतो.

लहान चुकांची वही

या सर्वांत मला सर्वांत मोलाची वाटते ती एक साधी दोनशे पानी वही. तीत अपघातांची नव्हे, तर होता होता टळलेल्या अपघातांची नोंद करावयाची. कुदळीचा दांडा निसटला, पण कोणाला लागला नाही. रात्री मोजणीत एक मुलगा कमी भरला, तो गच्चीवर झोपलेला सापडला. आमटीच्या पातेल्याचा कान तुटला. असे काही घडले की त्याच संध्याकाळी लिहायचे. लिहिणाऱ्याला कोणी रागवायचे नाही, हा तिचा एकमेव नियम. बँकेत मोठे घोटाळे उघडकीस आल्यावर मागे वळून पाहिले, तर लहान विसंगतींची रांग दिसते. प्रत्येकीकडे कोणीतरी ‘चालायचेच’ म्हणून डोळेझाक केलेली असते. तो टेम्पोचा फाळकाही अपघातापूर्वी दोनदा निसटला होता, असे नंतर मुलांनी सांगितले. ते लिहायला वही नव्हती आणि सांगायला मोकळीक नव्हती.

त्याबरोबर कार्यक्रम अधिकाऱ्याकडेही पाहावे. शिबिराचे सारे श्रेय संस्थेचे आणि सारा दोष त्या तरुण प्राध्यापकाचा, ही वाटणी न्याय्य नाही. त्याला जोडीला दुसरा शिक्षक द्या, वीस मुलांमागे एक जबाबदार प्रौढ द्या, आणि मुख्य म्हणजे धोका दिसताच ठरलेले काम थांबवण्याचा अधिकार द्या. पाहुणे आले आहेत, छायाचित्रकार आला आहे, तरीही आज बंधाऱ्यावर जायचे नाही, असे म्हणण्याचे बळ त्याच्या पाठीशी संस्थेने उभे करावे.

आपले काम

आता वाचकांना तीन विनंत्या करतो. आपण पालक असाल तर सही करण्यापूर्वी चार प्रश्न विचारा. वाहन कोणते, मुक्कामी कोण, विमा कशाचा आणि रात्री फोन कोणाला करायचा? विचारण्यात संकोच वाटू देऊ नका. चांगल्या संस्थेला या प्रश्नांचा राग येत नाही. त्याचबरोबर मुलाच्या हातून निसटलेली प्रत्येक कुदळ न्यायालयात नेऊ नका. वाजवी काळजी घेऊनही काही घडते, आणि तेवढी जोखीम मूल मोठे होण्याच्या किमतीत धरलेली असते.

आपण देणगीदार असाल तर मंडप, भोजन आणि फलक यांच्या जोडीला विम्याचा हप्ता, प्रथमोपचाराची पेटी, बसचे भाडे यांसाठी द्या. या वस्तूंवर आपले नाव कोरता येत नाही, म्हणूनच त्यांना देणगीदार मिळत नाहीत.

आणि आपण नियामक मंडळावर असाल, तर शिबिराच्या मंजुरीचा विषय ‘आयत्या वेळचे विषय’ या सदरात घेऊ नका. कार्यक्रमपत्रिकेवर त्याला स्वतंत्र क्रमांक द्या, नियमावली मांडायला लावा, कोण कशाला उत्तरदायी हे इतिवृत्तात लिहून घ्या. आमच्या महाविद्यालयात हे करायला बैठकीची वीस मिनिटे लागतात. शिबिरे बंद झाली नाहीत. यंदाही पन्नास मुले सात दिवसांसाठी गेली. जाताना एस. टी. अर्धा तास उशिरा सुटली, कारण दोन पालकांचे क्रमांक लागत नव्हते आणि ते लागेपर्यंत कार्यक्रम अधिकाऱ्याने गाडी सोडू दिली नाही. काही मुले कुरकुरली. व्यवस्था नीट चालू असल्याची ती खूण आहे, असे मी मानतो.